कोष्टकांतील घरें आणि त्यांचे मालक

संगणकाच्या पडद्यावर कोष्टक पाहिलें नाहीं असा शहरवासी मनुष्य आज मुद्दाम शोधून काढावा लागेल. बँकेंतील कारकुनापुढें खात्यांचें कोष्टक असतें, औषधांच्या दुकानांत शिल्लक मालाचें असतें, शाळेच्या कचेरींत हजेरीचें असतें. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि त्यांच्या छेदानें झालेलीं चौकोनी घरें, अशी ही सोपी रचना आहे. परंतु सर्वच घरांत नुसता मजकूर किंवा आंकडा नसतो. एखाद्या घरांत ‘काढा’ असें लिहिलेलें बटण असतें, दुसऱ्यांत खूण करण्याची चौकट असते, तिसऱ्यांत दाबतांच खालीं उघडणारी यादी असते. पडद्यावरील अशा बटणाला, चौकटीला किंवा यादीला प्रोग्रॅमर लोक ‘विजेट’ म्हणतात. प्रत्येक विजेट संगणकाच्या स्मृतींत थोडी जागा व्यापून बसतें. ती जागा परत देण्याची जबाबदारी कोणाची, ती परत दिली न गेली किंवा दोनदां दिली गेली तर काय अनर्थ होतो, आणि तो कसा टाळावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय कारागिरांचा खरा; परंतु त्यांतील चुकीची झळ बहुधा कारागिराला न लागतां दुसऱ्यालाच लागते. सकाळीं उघडलेली बिलांची खिडकी दुपारीं रेंगाळूं लागते. सायंकाळीं दहा गिऱ्हाइकें रांगेंत उभीं असतांना ती एकाएकीं नाहींशी होते, आणि अर्धें लिहिलेलें बिलहि तिच्याबरोबर जातें. कारकून म्हणतो, संगणक बिघडला. पुष्कळदां संगणक धडधाकट असतो. चुकलेला असतो तो प्रोग्रॅममधील मालकीचा हिशेब.

संगणकाची स्मृति म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक अतिशय लांब मांडणी आहे, असें समजावें. प्रोग्रॅमला एखादें बटण निर्माण करावयाचें झालें म्हणजे तो यांपैकीं कांहीं खण मागून घेतो; बटणाचा आकार, त्याचा रंग, त्यावरील अक्षरें, तें दाबल्यावर काय करावयाचें, हें सर्व तेथें लिहितो; आणि पहिल्या खणाचा क्रमांक टिपून ठेवतो. हा क्रमांक म्हणजे त्या बटणाचा पत्ता. पत्ता टिपलेल्या चिठीला प्रोग्रॅमरांच्या बोलींत ‘पॉइंटर’ असें नांव आहे. आतां वाडा आणि वाड्याचा पत्ता या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें कोणीहि सांगेल. एका वाड्याचा पत्ता दहा जणांच्या वह्यांत असूं शकतो. तेवढ्यानें ते दहाहि जण वाड्याचे मालक ठरत नाहींत. वाडा पाडला तरी वह्यांतील पत्ते आपोआप पुसले जात नाहींत. आणि त्या मोकळ्या जागेवर दुसऱ्या कोणाचा वाडा उभा राहिला, तर जुना पत्ता घेऊन आलेला मनुष्य परक्याच्या ओटीवर जाऊन बसतो.

या एका दृष्टांतांत स्मृतीच्या व्यवस्थेंतील तिन्ही मुख्य दोष सामावलेले आहेत. वाड्याचें काम संपलें, पण तो पाडावयास कोणीच आलें नाहीं, तर जागा अडून राहते. यास गळती म्हणतात, कारण वापरतां येण्याजोगी स्मृति थेंबाथेंबानें कमी होत जाते. वाडा पाडला गेला, पण जुन्या पत्त्यावर कोणी व्यवहार करूं लागला, तर तो लोंबकळत्या पत्त्याचा दोष होय. आणि दोघांनीं स्वतःस मालक समजून एकच वाडा दोनदां पाडण्याचा हुकूम सोडला, तर दुसरा घाव कोणाच्या भिंतीवर पडेल याचा नेम नसतो. पहिल्या दोषानें प्रोग्रॅम सुस्तावतो. दुसऱ्या-तिसऱ्यानें तो मरतो. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, न मरतां भलतेच आंकडे दाखवूं लागतो.

हे दोष टाळण्याचे दोन मार्ग फार पूर्वींपासून चालत आले आहेत. जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञानें लिस्प या भाषेची रचना १९६० सालीं प्रसिद्ध केली, तींत पहिला मार्ग सांगितला आहे. स्मृति भरत आली म्हणजे तिची झडती घ्यावयाची, आणि ज्या वस्तूपर्यंत एकाहि वापरांतील चिठीवरून पोंचतां येत नाहीं तिला केर समजून झाडून टाकावयाचें. १९९५ सालीं लोकांपुढें आलेल्या जावा या भाषेनें हाच मार्ग पत्करला. दुसरा मार्ग सी प्लस प्लस या भाषेचा. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनीं बेल लॅबोरेटरीजमध्यें १९७९ सालीं आरंभिलेल्या कामांतून ती उदयास आली. तिच्यांत असा केर काढणारा कोणी नसतो. ज्यानें जागा घेतली त्यानें, किंवा ज्याच्याकडे तिची मालकी सोंपविली त्यानें, ती परत केली पाहिजे. येथें मालक कोण, हा प्रश्न केवळ पांडित्याचा न राहतां रोजच्या व्यवहाराचा होतो.

पडद्यावरील खिडक्या, बटणें व कोष्टकें रचण्यासाठीं सी प्लस प्लसमध्यें लिहिलेला ‘क्यूट’ नांवाचा एक सुप्रसिद्ध संच आहे. हावार्ड नॉर्ड आणि आयरिक चेंब-एंग या दोघां नॉर्वेवासीयांनीं तो रचला आणि १९९५ सालीं तो प्रथम प्रसिद्ध झाला. आपल्या विषयाचें उदाहरण म्हणून हाच संच घेऊं. यांत मालकीची व्यवस्था एकत्र कुटुंबासारखी आहे. प्रत्येक वस्तूला एक पालक देतां येतो. पालक नष्ट झाला म्हणजे त्याचीं अपत्यें, त्या अपत्यांचीं अपत्यें, असें सारें कुटुंब त्याच्याबरोबर विसर्जित होतें. उलट एखादें अपत्य आधींच नष्ट झालें, तर पालकाच्या यादींतून त्याचें नांव आपोआप कमी होतें. त्यामुळें मुख्य खिडकी बंद केली कीं तिच्यांतील शेंकडों बटणें एकेक करून मोडण्याची यातायात करावी लागत नाहीं.

आतां कोष्टकाकडे वळूं. घरांत विजेट ठेवण्याची जी आज्ञा क्यूटमध्यें आहे, तिचें नांव ‘सेट-सेल-विजेट’. तिला ओळीचा क्रमांक, रकान्याचा क्रमांक आणि विजेटाचा पत्ता द्यावा लागतो. ही आज्ञा वाचतांना आपण बटण केवळ एका जागीं मांडलें असें वाटतें. वस्तुतः त्याच क्षणीं तें दत्तक गेलेलें असतें. त्याची मालकी कोष्टकाकडे जाते आणि कोष्टकाचा दृश्य भाग त्याचा पालक होतो. यानंतर तीन प्रसंगीं कोष्टक त्या विजेटाचा अंत करतें. कोष्टक स्वतः नष्ट झालें, तर विजेट जातें. त्याच घरांत दुसरें विजेट ठेवलें, तर पहिलें जातें. ज्या ओळींत तें आहे ती ओळच काढली, तर ओळीबरोबर तेंहि जातें. या तिन्ही प्रसंगीं प्रोग्रॅमरानें आपल्या हातानें तें मोडूं नये. तसें केल्यास मेलेल्यालाच पुन्हां मारल्यासारखें होतें.

येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. घरांत नुसता मजकूर असेल तर तो ‘आयटेम’ नांवाच्या हलक्या वस्तूंत असतो. तीहि कोष्टकाच्याच मालकीची असते. परंतु ‘टेक-आयटेम’ या आज्ञेनें ती न मोडतां परत मागून घेतां येते. परत घेतली म्हणजे तिला मोडण्याची जबाबदारीहि घेणाऱ्याकडे येते, आणि तो विसरला तर गळती होते. विजेटासाठीं मात्र परत मागण्याची अशी आज्ञाच नाहीं. आपल्याकडील कायद्यांत विधिपूर्वक दिलेला दत्तक ज्याप्रमाणें रद्द करतां येत नाहीं, त्याप्रमाणेंच हें आहे. म्हणून एका ओळींतलें बटण उचलून दुसऱ्या ओळींत नेण्याचा विचार सोडून द्यावा, आणि नव्या ठिकाणीं नवें बटण करावें.

या नियमांतून व्यवहारांतील पुष्कळ अपघातांचा उलगडा होतो. पुष्कळ प्रोग्रॅमर कोष्टकांत ठेवलेल्या बटणांचे पत्ते आपल्या स्वतंत्र यादींतहि टिपून ठेवतात, हेतु हा कीं पुढें त्यांचा रंग बदलतां यावा. दरम्यान वापरणारा चार ओळी काढून टाकतो. बटणें जातात, यादींतील पत्ते राहतात, आणि पुढच्या वेळीं रंग बदलण्याचा हुकूम ओसाड जागेवर जाऊन पडतो. यावर क्यूटमध्यें सावध चिठीची सोय आहे. तिच्यांतील वस्तु नष्ट होतांच चिठी स्वतः कोरी होते, आणि व्यवहार करण्यापूर्वीं ती कोरी आहे काय हें पाहतां येतें. त्याहून सोपा उपाय म्हणजे स्वतंत्र यादीच ठेवूं नये. विजेट हवें असेल तेव्हां अमुक ओळींतील अमुक घरांत काय आहे, हें कोष्टकालाच विचारावें.

तें विचारतांनाहि एक खोंच आहे. खुणेची चौकट घराच्या बरोबर मध्यभागीं दिसावी म्हणून ती पुष्कळदां एका रिकाम्या विजेटांत बसवितात आणि तें बाहेरचें विजेट घरांत ठेवतात. अशा वेळीं चौकट ही कोष्टकाची नात झाली. तिच्या अंताची काळजी करण्याचें कारण नाहीं, कारण बाहेरचें विजेट जातांना तिलाहि घेऊन जातें. परंतु घरांत कोण आहे असें विचारल्यास कोष्टक बाहेरच्या विजेटाचा पत्ता सांगतें, चौकटीचा सांगत नाहीं. जो तोच पत्ता चौकटीचा समजून चालतो, त्याचा व्यवहार भलत्याशींच होतो.

सर्वांत नाजूक प्रसंग ‘काढा’ या बटणाचा. समजा, प्रत्येक ओळीच्या शेवटीं हें बटण आहे आणि तें दाबलें असतां ती ओळ नाहींशी व्हावयाची आहे. बटण दाबलें गेलें. त्यानें प्रोग्रॅमला वर्दी दिली. प्रोग्रॅमनें ओळ काढण्याचा हुकूम दिला. या हुकुमांत त्या बटणाचाहि अंत आला. परंतु बटणाचें आपलें काम अजून संपलेलें नाहीं. वर्दी देऊन परत आल्यावर त्याला दाबलेल्या स्थितींतून पूर्ववत् व्हावयाचें आहे. फांदीवर बसूनच फांदी तोडण्याचा हा प्रकार झाला. यासाठीं क्यूटमध्यें ‘डिलीट-लेटर’, म्हणजे मागाहून मोडा, अशी आज्ञा आहे. प्रोग्रॅम सर्वकाळ एका फेऱ्यांत फिरत असतो. कळ दाबली, उंदीर हलला, घड्याळ वाजलें, अशी एकेक घटना घेऊन तिचें काम उरकतो आणि पुढची घेतो. मागाहून मोडावयाची वस्तु चालू घटनेचें काम पुरें होईपर्यंत राखली जाते आणि फेरा परत आल्यावर मोडली जाते. कोष्टक आपल्या घरांतील विजेटांच्या बाबतींत ही सावधगिरी स्वतःच घेतें. जो प्रोग्रॅमर उतावीळपणें बटणाच्या वर्दींतच बटण थेट मोडतो, तो ही सोय धुडकावून संकट ओढवून घेतो.

याच बटणाबाबत दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निर्माण होतांना त्याला ‘तूं पांचव्या ओळींतला’ असें सांगून ठेवलें, आणि मागाहून दुसरी ओळ काढली गेली, तर पांचवी ओळ चौथी होते. बटण मात्र जुनाच क्रमांक घोकीत राहतें. मग तें दाबलें असतां शेजाऱ्याची ओळ जाते. औषधांच्या यादींत किंवा रुग्णांच्या नोंदींत असें झालें तर त्याचें गांभीर्य निराळें सांगावयास नको. म्हणून बटणाजवळ ओळीचा क्रमांक न देतां त्या नोंदीची कायमची ओळख द्यावी, आणि ओळ कोणती हें दाबण्याच्या क्षणीं शोधून काढावें.

आतां गळतीकडे येऊं. कोष्टक इतकें दक्ष असतांना गळती होते तरी कशी? ती बहुधा विजेटाची नसते, त्याच्या चाकरांची असते. खालीं उघडणाऱ्या यादीला तिच्यांतील नांवें पुरविणारी एक वस्तु लागते. लिहिण्याच्या चौकटीला, लिहिलेला आंकडा योग्य आहे कीं नाहीं हें तपासणारी वस्तु लागते. विजेट अशा मदतनिसांचा उपयोग करतें, पण त्यांची मालकी आपोआप आपल्याकडे घेत नाहीं. प्रोग्रॅमर सवयीनें त्यांचा पालक म्हणून मुख्य खिडकीचें नांव लिहितो. झालें, ओळ गेली, विजेट गेलें, पण मदतनीस खिडकी बंद होईपर्यंत जागा अडवून बसला. कोष्टक ५०० ओळींचें असेल आणि दर मिनिटाला नव्यानें भरलें जात असेल, तर एका तासांत ३०,००० मदतनीस जमतात, आणि आठ तासांच्या कामकाजांत २,४०,०००. दुपारीं खिडकी रेंगाळण्याचें कारण येथें सांपडतें. उपाय एका शब्दाचा आहे: मदतनिसाचा पालक म्हणून त्या विजेटाचेंच नांव लिहावें. सर्व विजेटांना एकाच प्रकारची मदत हवी असेल, तर एकच मदतनीस करून सर्वांत वांटून द्यावा.

ज्या भाषांत केर आपोआप काढला जातो त्यांत हा प्रश्नच उरत नाहीं, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. केर कोणता हें चिठ्यांवरून ठरतें; आणि काढून टाकलेल्या बटणाची चिठी एखाद्या विसरलेल्या यादींत राहिली, तर तें बटण वापरांतीलच समजलें जातें. पायथन या भाषेंतून क्यूट वापरतांना तर एक विलक्षण अवस्था उत्पन्न होते. तेथें प्रत्येक विजेटाचीं दोन रूपें असतात. आंतला गाभा सी प्लस प्लसचा आणि वरची खोळ पायथनची. कोष्टकानें ओळीबरोबर गाभा मोडला, तरी पायथनच्या यादींत खोळ तशीच राहते. तिला हात लावतांच, आंतली वस्तु नष्ट झाली आहे, अशी तक्रार येते. नवशिका गोंधळतो, कारण त्याच्या दृष्टीनें वस्तु हातांतच असते.

येथवर सांगितलें तें विजेटें घरांत ठेवावयाचींच असें ठरविल्यावरचें झालें. परंतु तीं ठेवावींच कां, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. कोष्टकांत १०,००० ओळी असल्या आणि प्रत्येकींत तीन विजेटें असलीं, तर ३०,००० विजेटें होतात. पडद्यावर एका वेळीं ३० ओळी दिसतात असें धरलें, तर डोळ्यांपुढें त्यांपैकीं ९० च असतात. उरलेल्या २९,९१० विजेटांसाठीं स्मृति खर्च होते, आणि त्यांना कोणी पाहतहि नाहीं. क्यूटचे कर्तेहि आपल्या माहितीपत्रकांत सांगतात कीं, घरांत विजेट ठेवण्याची सोय स्थिर मजकुरापुरती आहे. बदलत्या मजकुरासाठीं निराळी व्यवस्था वापरावी.

ती व्यवस्था अशी. कोष्टकाच्या घरांत विजेट न ठेवतां विजेटाचें चित्र काढावयाचें. चित्र काढणारा कारागीर सबंध रकान्याला एकच असतो. जें घर दिसत असेल तेथें तो त्या नोंदीप्रमाणें चित्र काढतो. वापरणाऱ्यानें एखाद्या घरांत बदल करावयास घेतला, तर तेवढ्यापुरतें एक खरें विजेट निर्माण होतें, आणि बदल पुरा होतांच तें मोडलें जातें. ३०,००० वस्तूंचें काम अशा रीतीनें एक कारागीर आणि प्रसंगीं एक विजेट यांवर भागतें. जावा भाषेच्या स्विंग नांवाच्या संचांतहि हीच युक्ति आहे. तेथें एकच विजेट रबरी शिक्क्याप्रमाणें घरोघर उमटवितात. शिक्का एक, उमटलेले ठसे हजारों.

मोबाइल फोनवरील लांबलचक याद्यांत तिसरी पद्धति रूढ आहे; ती आपल्या विहिरीवरील रहाटगाडग्यासारखी आहे. माळेंत गाडगीं मोजकींच असतात. वर येऊन रिकामें झालेलें गाडगें खालीं जाऊन पुन्हां भरून येतें. तसेंच, वरच्या कडेनें दिसेनाशी झालेली ओळ न मोडतां खालून येणाऱ्या नव्या नोंदीसाठीं वापरतात. आयफोनवरील याद्यांत ही पद्धति आरंभापासून आहे. अँड्रॉइडमध्यें २०१४ सालीं तिच्यासाठीं खास विजेटच देण्यांत आलें. हिच्यांत स्मृति फार वांचते, पण गाडग्यांत मागचें पाणी राहूं देतां कामा नये. जुन्या ओळींतील खूण पुसावयाची राहिली, तर ती नव्या नोंदीवर दिसते, आणि न निवडलेली वस्तु निवडलेली भासते. पुन्हां वापरलेल्या ओळींतील प्रत्येक भाग नव्यानें लिहिला पाहिजे. कोरा ठेवावयाचा असेल तोहि मुद्दाम कोरा केला पाहिजे.

याचा अर्थ घरांत विजेट कधींच ठेवूं नये असा नाहीं. दहा-वीस ओळींचें, क्वचितच बदलणारें कोष्टक असेल, तर तीच पद्धति सर्वांत सोपी आणि वाचकाला सर्वांत सुबोध होय. मात्र प्रत्येक विजेटाविषयीं तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहिणाऱ्यास पाठ असावींत: हें निर्माण कोणीं केलें, आतां हें कोणाच्या मालकीचें आहे, आणि मालक नसतांहि याचा पत्ता कोणाकोणाजवळ आहे. ज्याला तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, त्याचा प्रोग्रॅम केव्हां कोसळेल हें त्याला स्वतःलाहि सांगतां यावयाचें नाहीं.

ज्यांना प्रोग्रॅम लिहावयाचा नसून केवळ विकत घ्यावयाचा आहे, त्यांनाहि एक साधी परीक्षा करून पाहतां येईल. संगणकांत चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम किती स्मृति वापरतो, हें दाखविणारी खिडकी असतेच. ती उघडी ठेवून आपलें कोष्टक शंभर वेळां भरावें व शंभर वेळां रिकामें करावें. पहिल्या कांहीं फेऱ्यांत आंकडा वाढला तर घाबरण्याचें कारण नाहीं, आणि तो पूर्ववत् खालीं आलाच पाहिजे असेंहि नाहीं, कारण एकदां मिळालेली जागा प्रोग्रॅम पुढच्या कामासाठीं आपल्याजवळ राखून ठेवीत असतो. तो एका ठिकाणीं स्थिरावला म्हणजे झालें. प्रत्येक फेरीबरोबर तो थोडथोडा चढतच राहिला, तर पैसे मोजण्यापूर्वीं कारागिराला बोलावून, काढून टाकलेल्या ओळींमागें काय शिल्लक राहतें, एवढेंच विचारावें.